खानदेशातल्या तापल्या दुपारी ब्लूज आणि रॉकच्या रेकॉर्ड कशा ऐकाव्यात

एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून जळगाव, भुसावळ, चोपडा, शिरपूर या सगळ्या पट्ट्यात दुपारी बारा ते चार रस्ते ओस पडतात. दुकानांची शटरं अर्धी खाली येतात, रिक्षावाले लिंबाखाली गाडी लावून मागच्या सीटवर आडवे होतात. ही वेळ काढायची कशी, असा प्रश्न बहुतेकांना पडतो. रेकॉर्ड ऐकणाऱ्याला मात्र वर्षभरात याच्याइतकी शांतता कधी मिळत नाही. एकट्या गिटारवर गायलेले ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांची गाणी, ऐकायला नेमकी हीच सामसूम लागते, आणि कितीही महागडा अँप (आवाज मोठा करणारा अँप्लिफायर) घेतला तरी ती विकत मिळत नाही. अडचण एकच आहे: जी दुपार ही शांतता देते तीच रेकॉर्ड वाकवते, सुई धुळीने भरते आणि ऐन गाण्यात लाईट घालवते. म्हणून आधी उन्हाचा बंदोबस्त आणि मग संगीत, या क्रमाने सांगतो.

हे संगीत खानदेशी माणसाला परकं वाटायचं कारण नाही. ब्लूज जिथे रुजले तो अमेरिकेतल्या मिसिसिपीचा डेल्टा म्हणजे काळ्या, गाळाच्या जमिनीचा कापूस-प्रदेश. उन्हाळ्यात अंगाची काहिली, वेचणीला अख्खं कुटुंब शेतात, आणि मालकाच्या वहीतलं कर्ज कधी न फिटणारं. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांपर्यंत पोचेना, तेव्हा मुंबई बंदरातून जाणाऱ्या आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्यात खानदेशचा कापूसही होता. आणि गाणं कामाच्या लयीतून कसं निघतं, हे बहिणाबाईंच्या मुलखाला वेगळं सांगायला नको.

खोली आणि ऊन

धाब्याचं घर असेल तर निम्मं काम झालं. मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं धाबं असलं की बाहेर ४४ अंश असताना माजघरातली भिंत हाताला गार लागते. स्लॅबच्या घरात वरच्या मजल्याची खोली घेऊ नका. स्लॅब दुपारभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत ती उष्णता खाली सोडत राहतो. तळमजल्यावरची, उत्तरेची किंवा पूर्वेची खोली निवडा. रेकॉर्डचं कपाट पश्चिमेच्या भिंतीला टेकवू नका. पत्र्याच्या खोलीत तर रेकॉर्ड ठेवूच नका.

एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी मोठी रेकॉर्ड, पीव्हीसीची असते. साधारण ६० अंशांच्या आसपास हे प्लॅस्टिक मऊ पडतं, आणि वजन एकाच बाजूला पडत असेल तर त्याच्या बऱ्याच आधी आकार सोडतं. म्हणून रेकॉर्ड नेहमी उभ्या ठेवायच्या, सरळ, एकमेकींना आधार देत. तिरक्या कललेल्या रेकॉर्ड मे महिन्यात वाकतात आणि आडव्या थप्पीत खालच्या दबतात. उन्हात उभ्या मोटारीत आतलं तापमान ६० च्या पुढे सहज जातं. रेकॉर्ड घेऊन येताना वाटेत जेवायला थांबलात तर पिशवी सोबत हॉटेलात न्या. कुरिअरने आलेलं खोकं हाताला गरम लागलं तर फोडायची घाई करू नका. सावलीत, सपाट जागेवर, संध्याकाळपर्यंत पडू द्या. फ्रिजमध्ये ठेवू नका, एकदम बदललेलं तापमान आणि आतली ओल दोन्ही नडतात.

वाकलेली रेकॉर्ड दोन काचांमध्ये दाबून उन्हात ठेवा, असा सल्ला बरेच जण देतात. माझं स्पष्ट मत आहे की हे करू नये. आपलं ऊन काचेखाली किती तापेल यावर कुणाचाच ताबा नसतो, आणि वाक जाता जाता खाचाही जातात. त्यापेक्षा रेकॉर्ड टर्नटेबलवर (रेकॉर्ड फिरवणाऱ्या यंत्रावर) फिरवा आणि डोळा तबकडीच्या पातळीला आणून कडेकडे पाहा. टोनआर्म (सुई धरणारा दांडा) हलकेच वर-खाली होत असेल आणि सूर डगमगत नसेल, तर ती बिनधास्त ऐका. सुई उडत असेल तर ती बाजूला काढा.

कूलरचा विचार वेगळा करावा लागतो. एक म्हणजे त्याचा आवाज. ब्लूजमध्ये बोटं तारेवरून सरकल्याची कुजबुजसुद्धा गाण्याचा भाग असते, आणि कूलरच्या घरघरीत ती पहिल्यांदा बुडते. दुसरं म्हणजे ओल. कूलरचा झोत रेकॉर्डच्या कपाटावर येत राहिला तर कव्हरांना बुरशी धरते. यावर सोपा मार्ग आहे. एलपीची एक बाजू साधारण वीस मिनिटांची असते. आधी अर्धा तास कूलर लावून खोली गार करा, पडदे ओढा, वाळ्याचा पडदा असेल तर भिजवून घ्या. मग कूलर बंद, पंखा एक-दोनवर, आणि एक बाजू ऐका. बाजू संपली की कूलर पुन्हा चालू, पन्हं किंवा ताक, आणि मग दुसरी बाजू. या विसाव्यामुळे गाणीही नीट मुरतात. सलग चार तास ऐकून काहीच लक्षात राहत नाही.

ग्लास मात्र टर्नटेबलजवळ नको, आणि घामेजलेल्या बोटांनी रेकॉर्ड धरायची नाही. कड तळहातांवर आणि लेबल बोटांवर तोलायचं. खाचांना कातडी लागता कामा नये.

वीज

उन्हाळ्यात व्होल्टेज खाली-वर होतं, डीपी उडतो, लाईट जाते. अँपसाठी चांगला स्टॅबिलायझर लावा. इन्व्हर्टर घेताना दुकानदाराला साइन वेव्हचाच मागा. स्क्वेअर वेव्हवर अँप गुणगुणतो आणि काही मोटारी तापतात. लाईट गेली तर पहिलं काम सुई उचलण्याचं. थांबलेल्या तबकडीवर सुई तशीच राहिली आणि लाईट आल्यावर अँपमधून धक्का आला, तर स्पीकरला ते सोसत नाही.

परदेशातल्या नातेवाइकाने जुना टर्नटेबल आणून दिला असेल तर मागची पट्टी वाचा. अमेरिकेतली वीज ११० ते १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची, आपली २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची. नुसता ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेजचा प्रश्न सुटतो, हर्ट्झचा सुटत नाही. जुन्या सिंक्रोनस मोटारीची गती हर्ट्झवर ठरते, त्यामुळे मिनिटाला ३३ १/३ फेरे घेणारी तबकडी आपल्याकडे २८ च्या आतच फिरते आणि सूर हार्मोनियमच्या तीन पट्ट्यांहून जास्त उतरतो. त्यासाठी मोटारीची पुली बदलून घ्यावी लागते. डीसी मोटारीच्या नव्या टर्नटेबलला ही अडचण नसते, त्याचा योग्य अॅडॉप्टर मिळाला की झालं.

गती तपासायला स्ट्रोबोस्कोपची गोल चकती मिळते. ५० हर्ट्झच्या चकतीवर ३३ १/३ च्या वर्तुळात १८० रेघा असतात. साध्या पिवळ्या बल्बच्या किंवा जुन्या चोकच्या ट्यूबलाइटच्या उजेडात ती फिरवा, रेघा जागच्या जागी उभ्या दिसल्या की गती बरोबर. पुढे सरकताना दिसल्या तर जलद, मागे सरकल्या तर संथ. अनेक एलईडी दिव्यांत हे दिसत नाही.

स्पीकरमधून सतत हुं असा आवाज येत असेल तर टर्नटेबलची बारीक ग्राउंडची वायर अँपच्या मागच्या स्क्रूला जोडली आहे का ते आधी पाहा. नव्वद टक्के काम तिथेच होतं. घराच्या अर्थिंगकडेही या दिवसांत लक्ष द्या. काळी जमीन मे महिन्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. त्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतायचं. हे रेकॉर्डपेक्षा जिवासाठी जास्त महत्त्वाचं आहे.

टर्नटेबल लावणं

टर्नटेबल जड आणि न हलणाऱ्या बैठकीवर हवा. भक्कम भिंतीतलं फडताळ आणि त्यावर कडाप्पा किंवा शहाबादी फरशीचा तुकडा, याहून चांगली बैठक मला माहीत नाही. स्पीकर त्याच फळीवर ठेवू नका, त्यांचा हादरा सुईत शिरतो आणि आवाज घुमायला लागतो. स्पिरिट लेव्हल ठेवून दोन्ही दिशांनी पातळी बघा.

मग टोनआर्म. अँटीस्केट (सुई आत ओढली जाते तो जोर तोलणारी कळ) शून्यावर ठेवा. सुईचं झाकण काढा आणि मागचं वजन फिरवत जा. आर्म हवेत तबकडीला समांतर तरंगायला लागला की थांबा. आता वजनावरची आकड्यांची चकती तेवढी शून्यावर आणा आणि मग वजन आणि चकती मिळून फिरवून कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या डोक्याच्या) कागदावर लिहिलेल्या ग्रॅमवर न्या. नेहमीच्या कार्ट्रिजला हा आकडा बहुधा दीड ते अडीच ग्रॅमच्या दरम्यान असतो. अँटीस्केट तेवढ्याच आकड्यावर लावा. कमी वजन ठेवलं की रेकॉर्ड जपली जाते असं वाटतं, पण हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि खाच उलट जास्त खरवडते.

आजोबांच्या भोंग्याच्या ग्रामोफोनवर एलपी कधीही लावू नका. त्याची पोलादी सुई आणि जड डोकं एका खेपेत एलपी संपवतं. उलटही तेवढंच खरं: ७८ फेऱ्यांच्या जुन्या लाखेच्या तबकड्यांची खाच रुंद असते, त्यांना वेगळी जाड सुई लागते.

धूळ आणि धुणं

कोरड्या झळांमध्ये रेकॉर्डवर स्थिर वीज साठते आणि कव्हरातून काढताक्षणी ती फुफाटा ओढून घेते. चटचट आवाजाचं कारण बहुतेकदा हेच असतं. प्रत्येक बाजूआधी कार्बन फायबरचा ब्रश फिरत्या तबकडीवर दोन फेरे हलका धरा आणि धूळ गोळा करून बाहेरच्या कडेने उचला. सुईसाठी बारीक मऊ ब्रश, आणि तो मागून पुढेच ओढायचा.

मळलेली रेकॉर्ड धुवायला बोअरचं पाणी नको. ते जड असतं आणि खाचांत क्षार सोडतं. बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड वॉटर मिळतं, तेच आणा. तिथेच बॅटरीचं अॅसिडही विकतात, म्हणून बाटलीवरचं नाव दोनदा वाचा. त्या पाण्यात भांडी धुण्याच्या बिनरंगी द्रवाचे एक-दोन थेंब, मऊ मायक्रोफायबर कापड, आणि खाचांच्या दिशेने गोल पुसणं. मग निव्वळ डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा पुसून उभी करून सावलीत वाळवा. लेबल भिजू देऊ नका. काही जण पाण्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घालतात, एलपीला ते चालतं. लाखेच्या ७८ ला अल्कोहोलचा थेंबही लावायचा नाही, लाख त्यात विरघळते.

विकत घेताना एवढं बघा: उजेडात तिरकी धरून ओरखडे, मधल्या भोकाभोवती टर्नटेबलच्या मधल्या सुळ्याच्या खुणा (जास्त खुणा म्हणजे जास्त वाजलेली), आणि कव्हराला बुरशीचा वास. कोलकात्याच्या दमदमच्या कारखान्यात छापलेल्या इंग्रजी रेकॉर्ड जुन्या बाजारात सापडतात, मुंबईच्या चोर बाजारात धीराने शोधावं लागतं. कव्हरवर जुन्या मोनो गाण्यांना यंत्राने केलेलं स्टिरिओ असं छापलेलं असेल तर ती घेऊ नका. आवाज पोकळ होतो. मोनोच मागा.

आता ऐकायचं काय

माझा आग्रह आहे तो जोडीने ऐकण्याचा. आधी एकट्या माणसाचं मूळ गाणं, मग रॉक बँडने त्याचं काय केलं ते. असं ऐकलं की रॉकचा इतिहास पुस्तकाविना उलगडतो.

सुरुवात मिसिसिपी जॉन हर्टपासून करा. याने १९२८ मध्ये काही गाणी रेकॉर्ड केली, ती फारशी खपली नाहीत आणि तो गावी परतून शेतीत रमला. एका गाण्यात त्याने आपल्या गावाचं, अॅव्हलॉनचं, नाव घेतलं होतं. त्या धाग्यावरून १९६३ मध्ये एका तरुण शौकिनाने त्याला शोधून काढलं, आणि त्याच वर्षी हर्ट न्यूपोर्टच्या महोत्सवात हजारोंसमोर गायला. १९६६ मध्ये तो गेला. त्याच्या शेवटच्या वर्षांतल्या रेकॉर्डिंगचा आवाज स्वच्छ आहे, नव्याने ऐकणाऱ्याने तिथूनच शिरावं. ऐकताना आधी फक्त अंगठ्याकडे लक्ष द्या. जाड तारांवर अंगठा एक-दोन, एक-दोन असा न चुकता चालतो, आणि त्याच्यावर बाकीची बोटं वरच्या तारांवर गाण्याची चाल वाजवत असतात. पहिल्या खेपेला दोन गिटार असल्यासारखं वाटतं. दुसऱ्या खेपेला अंगठा सोडून बोटं ऐका. तिसऱ्या खेपेला दोन्ही एकदम ऐकू येतात, आणि मग हा माणूस जन्मभर सुटत नाही.

नंतर रॉबर्ट जॉन्सन. १९३६ मध्ये सॅन अँटोनिओत आणि १९३७ मध्ये डॅलसमध्ये त्याने मिळून २९ गाणी रेकॉर्ड केली आणि १९३८ मध्ये अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी तो वारला. त्यातली १६ गाणी १९६१ मध्ये कोलंबियाने ‘किंग ऑफ द डेल्टा ब्लूज सिंगर्स’ या एलपीत काढली आणि इंग्लंडातली एक पिढीच्या पिढी ती ऐकून गिटारकडे वळली. मूळ गाणी ७८ च्या तबकड्यांची आहेत, म्हणून प्रत्येक गाणं तीन मिनिटांच्या आत-बाहेर संपतं आणि मागे खरखर असते. ती तुमच्या सुईची नाही, त्यासाठी कार्ट्रिज बदलायला जाऊ नका.

इथे बारा बारचा हिशेब समजून घेतला तर मजा दुप्पट होते. चार मात्रांचा एक बार, असे बारा, म्हणजे ४८ मात्रांचं आवर्तन. पहिले चार बार षड्जावर, दोन मध्यमावर, दोन परत षड्जावर, मग एक पंचमावर, एक मध्यमावर, आणि शेवटचे दोन घरी. शब्दही तसेच चालतात: एक ओळ, तीच ओळ पुन्हा, मग तिला उत्तर देणारी तिसरी. मांडीवर हात ठेवून मोजा. जॉन्सन अधूनमधून मात्रा वाढवतो किंवा खातो, कारण त्याच्यासोबत कुणी नाही, त्याला कुणासाठी थांबायचं नाही. आणि गंधाराकडे कान ठेवा. तो धड कोमल नसतो, धड शुद्ध नसतो, दोहोंच्या मध्ये कुठेतरी गळ्यातून ओढला जातो. शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्याला हे लगेच उमगतं.

जॉन्सनच्या ‘लव्ह इन व्हेन’मध्ये फलाटावरून सुटणाऱ्या गाडीचे मागचे दिवे दूर जातात. भुसावळ जंक्शनवर कुणाला सोडायला गेलेल्या माणसाला याचं भाषांतर लागणार नाही. ते ऐकून लगेच रोलिंग स्टोन्स या इंग्रजी रॉक बँडची ‘लेट इट ब्लीड’ ही १९६९ ची रेकॉर्ड लावा. तिथे हेच गाणं आहे, त्यात राय कूडरचं मँडोलिन आहे. दुःख तेच, चाल अगदी वेगळी. दुसरी जोडी मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मॅकॉय यांच्या १९२९ च्या ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ची. १९२७ च्या मिसिसिपीच्या महापुराचं ते गाणं. १९७१ मध्ये लेड झेपलिन या इंग्रजी रॉक बँडने ते घेतलं तेव्हा जॉन बोनमचे ड्रम एका जुन्या मोठ्या घराच्या जिन्याच्या तळाशी ठेवून माइक जिन्यावर वर टांगले होते. पहिल्या ठोक्यापासून ती उंची ऐकू येते. हे गाणं मात्र साडेचारनंतर, आळीतली माणसं उठल्यावरच लावा. या दुपारीत शेजाऱ्यांच्या झोपेचाही हक्क आहे.

सगळ्या दुपारींसाठी एकच रेकॉर्ड घ्यायची झाली तर मी मडी वॉटर्सची १९६४ ची ‘फोक सिंगर’ घेईन. हा माणूस स्टोव्हॉलच्या कापूस-मळ्यावर राबला, १९४३ मध्ये शिकागोला गेला आणि तिथे विजेच्या गिटारवर त्याने शहरी ब्लूज उभे केले. ज्याच्या गाण्यावरून स्टोन्सनी आपलं नाव घेतलं, तो हाच. या रेकॉर्डवर तो पुन्हा साध्या गिटारकडे वळला, सोबत तरुण बडी गाय आणि बेसवर विली डिक्सन. स्टुडिओतली हवा ऐकू येते इतकं स्वच्छ ध्वनिमुद्रण आहे. आवाज लहान ठेवा, तो कुजबुजतो आणि मग अचानक गळा उघडतो.

रॉकमध्ये दुपारला शोभणाऱ्या दोन. स्टोन्सची १९६८ ची ‘बेगर्स बँक्वेट’, जिच्यातल्या ‘नो एक्सपेक्टेशन्स’मध्ये ब्रायन जोन्स तारेवर स्लाइड (बोटात घातलेली नळी) सरकवतो आणि ‘फॅक्टरी गर्ल’मध्ये चार्ली वॉट्स चक्क तबला काठ्यांनी वाजवतो. दुसरी लेड झेपलिनची १९७० ची तिसरी रेकॉर्ड, आणि तिचीही दुसरी बाजू आधी. तिथे बरंचसं काम साध्या गिटारवर आहे. पहिली बाजू ऊन उतरल्यावर.

स्लाइडची गोडी लागली की विश्वमोहन भट आणि राय कूडर यांचं १९९३ चं ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ शोधा. मोहनवीणा आणि स्लाइड गिटार यांची मींड तिथे शेजारी-शेजारी बसली आहे. असा शेजार त्याआधी अवकाशातही घडला आहे: १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवर पाठवलेल्या सोनेरी तबकडीत ब्लाइंड विली जॉन्सनची १९२७ ची स्लाइड गिटार आणि केसरबाई केरकरांची भैरवी, दोन्ही आहेत.

ठेवताना

ऐकून झाल्यावर रेकॉर्ड टर्नटेबलवर सोडू नका, संध्याकाळच्या वावटळीत तिच्यावर थर बसतो. आतल्या कागदी पाकिटाऐवजी अँटीस्टॅटिक पाकीट घाला आणि त्याचं तोंड कव्हराच्या तोंडाशी न आणता वर ठेवा, म्हणजे धूळ सरळ आत जात नाही. मृगाच्या आधी एकदा सगळं कपाट रिकामं करा. ओलसर कव्हरं सावलीत उघडी ठेवा, बुरशीचा डाग असलेली रेकॉर्ड बाकीच्यांपासून वेगळी काढून धुवा, कपाटाच्या कोपऱ्यांत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. टर्नटेबलचा पट्टा उन्हाळ्याने सैल झाला असेल तर तोही याच वेळी बदलून घ्या.